एका घरातलं धर्मांतर : नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई



सांगली-मिरजेकडच्या बायकांना 'मिशन' हा शब्द काही नवा नाही. घरात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की 'मिरजेला मिशनमध्ये न्या' असं म्हणायची रीत आपल्या आज्यांच्या काळापासून आहे. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. सांगली आणि मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. साताऱ्यात तर अमेरिकन मराठी मिशनचं काम त्याच्याही चाळीसेक वर्षं आधीपासून चालू होतं. पुढं वाईलाही मिशनचा दवाखाना झाला.

पण आज आपण दवाखान्याबद्दल बोलणार नाही, आणि परदेशातून आलेल्या पाद्र्यांबद्दलही नाही. आज बोलायचंय ते आपल्याच मातीतल्या एका मिशनऱ्याबद्दल. कोकणात जन्मलेला, नाशकात शिकलेला, नगरला राहिलेला आणि आयुष्याची शेवटची दोन वर्षं साताऱ्यात आश्रम मांडून बसलेला हा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे आणि हे वेगळे, हे आधीच सांगून ठेवतो. 'फुलामुलांचे कवी' म्हणून यांचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल.

टिळकांचं नाव घेतलं की लक्ष्मीबाईंचं नाव घ्यावंच लागतं. त्या टिळकांच्या पत्नी. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा बायकोनं काय करायचं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर उभा राहिला होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे आपल्या गटातल्या प्रत्येकीनं ऐकावं असं आम्हाला वाटतं. कुणी कोणता धर्म पाळावा हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. एका घरात एवढा मोठा निर्णय होतो तेव्हा घरातल्या बाईचं काय होतं, आणि ती स्वतःचा निर्णय स्वतः कसा घेऊ शकते, एवढंच बघायचंय.

दोन घरं, दोन लेकरं

नारायणरावांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील फार तापट. आई जानकीबाई मायाळू, तिला कवितेची आवड. नारायण लहान असतानाच आई गेली. आईवर त्यांचा फार जीव होता आणि तिचं जाणं त्यांना जन्मभर लागून राहिलं. पुढं ते नाशकात आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. बुद्धी तल्लख, पण स्वभाव एका जागी टिकणारा नव्हता. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. हातात पैसा आला की गरजवंताला देऊन मोकळे. घरात उद्याचं पीठ आहे का नाही, हे बघायचं काम लक्ष्मीबाईंचं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले आणि नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणायचे. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. वेड म्हणजे खरोखरच वेड. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, कुणाची सावली पडली की सगळं बाटलं. आणि हे सगळं निस्तरायचं कुणी? घरातल्या बायकांनी. धुणं, पुन्हा धुणं, पुन्हा स्वयंपाक. अशा घरात ही पोर वाढली. म्हणजे बाटणं न बाटणं हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवा.

१८८० साली लग्न झालं तेव्हा मनू अकरा-बारा वर्षांची होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. लिहायला-वाचायला तिला शिकवलं ते नवऱ्यानं. टिळक रागीट होते, न सांगता घर सोडून निघून जायचे, हे लक्ष्मीबाईंनी पुढं स्वतःच लिहून ठेवलंय. पण बायकोला अक्षर आलं पाहिजे असं वाटणारा नवराही तोच होता. माणूस एका रंगाचा नसतो. लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याचे सगळे रंग लिहिले. त्यात काही लपवलं नाही, आणि काही वाढवूनही सांगितलं नाही.

आगगाडीतली भेट

नागपूरला असताना टिळक संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. त्यांच्या मनात एक विचार सारखा घोळायचा. आपल्या देशात माणसामाणसांत एवढे भेद का? जातीच्या भिंती असताना देश एक कसा होणार? सगळ्यांना जवळ आणील असा धर्म कुठं मिळेल? हा शोध त्यांच्या डोक्यात आधीपासूनच चालू होता.

मग नागपूरहून राजनांदगावला नोकरीवर जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा पाद्री भेटला. त्याचं नाव अर्नेस्ट वॉर्ड. त्यानं वाद घातला नाही. संस्कृत काव्याबद्दल बोलला, आदरानं बोलला, आणि निघताना बायबलची एक प्रत हातात दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल, असंही तो म्हणाला. टिळकांना ते खरं वाटलं नाही. पण पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं. सुरुवातीला मन लागेना. मग येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं. शत्रूवर प्रेम करा, जे गरीब आणि दुःखी आहेत ते धन्य, असं सांगणारं ते प्रवचन. तिथं टिळक थांबले, आणि पुढं तो ग्रंथ त्यांच्या हातून सुटला नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं दिली जाणारी ख्रिस्ती धर्माची दीक्षा. गोऱ्या साहेबाकडून ती घ्यायची नाही, असा त्यांचा हट्ट होता. दीक्षा दिली ती रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी, आपल्याच मराठी माणसानं. धर्म बदलला तरी देश बदलायचा नाही, हे टिळकांनी त्याच दिवशी दाखवून दिलं होतं.

पण एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. बायकोला आधी सांगितलं नाही.

मागे राहिलेली बायको

त्या वेळी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा. बातमी आली आणि घरावर आकाश कोसळलं.

आज आपल्याला हे नीट कळायचं नाही म्हणून थोडं उलगडून सांगतो. त्या काळी ब्राह्मण घरातला पुरुष ख्रिस्ती झाला की तो नातेवाइकांना मेल्यासारखाच. त्याच्याबरोबर बायको गेली तर तीही सगळ्यांना मेली. नाही गेली तर मग ती कोण? नवरा जिवंत आहे म्हणून विधवा नाही, आणि नवऱ्यापाशी नाही म्हणून संसारही नाही. कुंकू आहे पण घर नाही. माहेरी किंवा बहिणीच्या दारी राहायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची कीव ऐकून घ्यायची.

तेव्हा एक कायदा होता, १८६६ सालचा. कुणी ख्रिस्ती झालं आणि त्या कारणानं जोडीदार नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत होतं. कागदावर दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. पण ब्राह्मण घरातल्या बाईला दुसरं लग्न करू देणार कोण? म्हणजे तो कायदा खरा कामाचा होता पुरुषालाच. टिळकांनी तो रस्ता धरला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. त्यांनी वाट बघितली. पत्रं लिहिली. लक्ष्मीबाईंवर धर्माची सक्ती केली नाही.

लक्ष्मीबाईंना आधार दिला तो त्यांच्या थोरल्या बहिणीनं, भिकूताईंनी. भिकूताई आणि त्यांचे यजमान नानासाहेब पेंडसे यांच्याकडे पंढरपूरला त्या राहिल्या. ही ताटातूट पाचेक वर्षं चालली. त्यात आजारपण आलं, रडणं आलं, लोकांचं बोलणं आलं. आणि याच दिवसांत लक्ष्मीबाई कविताही करू लागल्या. दुःख सांगायला माणूस नव्हतं तेव्हा ते शब्दांत सांगायला त्या शिकल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून काय वेगळं केलं?

एका घरात दोन चुली

शेवटी लक्ष्मीबाई टिळकांकडे गेल्या, पण स्वतःच्या अटींवर. धर्म सोडणार नाही, सोवळं सोडणार नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, देव वेगळे. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. नगरमध्ये मिशनच्या वस्तीत अशी ती नांदू लागली. टिळकांनी तिची सगळी सोय लावून दिली. दोघांचं भांडण व्हायचं, रुसवाफुगवा व्हायचा, पण तिच्या चुलीला त्यांनी हात लावला नाही.

मैत्रिणींनो, आम्हाला या सगळ्या हकिकतीत ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. नवऱ्यानं आपल्या मनाप्रमाणे केलं, बायकोनं आपल्या मनाप्रमाणे केलं, आणि तरी दोघं एका छपराखाली राहिली. आज एका घरात दोन पक्षांना मतं देणारी माणसं असली तरी ताटं आपटली जातात. इथं तर दोन धर्म होते.

मग हळूहळू काय झालं? मिशनच्या वस्तीत सगळ्या जातींची माणसं. कुणी महार होतं, कुणी मांग, कुणी मराठा, कुणी ब्राह्मण. लक्ष्मीबाई त्यांना रोज बघत होत्या. आजारात कोण धावून येतं, कोण पोर सांभाळतं, तेही बघत होत्या. आणि एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न आला, की या जाती देवानं केल्या का माणसांनी? देवानं केल्या असत्या तर माणसाच्या अंगावर काही खूण तरी ठेवली असती. जन्म सगळ्यांचा सारखा, मरण सारखं, भूक सारखी. मग हे बाटणं आलं कुठून? वडिलांच्या सोवळ्यापायी आईचे आणि आपले किती हाल झाले, तेही त्यांनी पाहिलेलंच होतं.

त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, की आता कुणाच्याही हातचं खाणार, कुणाच्याही हातचं पाणी पिणार. म्हणजे बघा, त्यांचं सोवळं आधी सुटलं आणि धर्म नंतर बदलला. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० साली, नवऱ्याच्या पाच वर्षांनंतर. नवरा ख्रिस्ती म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. नुसतं नवऱ्यामागं जायचं असतं तर १८९५ सालीच गेल्या असत्या. त्यांनी पाच वर्षं घेतली, स्वतःच्या डोक्यानं विचार केला, आणि मग पाऊल टाकलं. कुणाचीही श्रद्धा दुसऱ्याच्या वतीनं ठरवता येत नाही. नवऱ्यानं बायकोची नाही, सासूनं सुनेची नाही, समाजानं कुणाचीच नाही.

ते दिवसही कसले होते! १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, त्याच सुमाराला प्लेगची साथ. नगर जिल्ह्यात मिशननं कितीतरी अनाथ पोरं सांभाळली. टिळकांच्या घरात तर पोरक्या मुलांची कायमची वर्दळ असायची. खाणारी तोंडं वाढायची आणि डबे रिकामेच. टिळक माणसं घरात आणायचे, आणि त्यांच्या पोटाला काय घालायचं ते लक्ष्मीबाई बघायच्या.

येशूच्या भक्तीला आपली चाल

टिळकांनी मागं काय ठेवलं, ते आता बघू.

त्या वेळी ख्रिस्ती मंडळींची गाणी बरीचशी इंग्रजीतून मराठीत आणलेली, आणि चालीही परदेशी. आपल्या बायाबापड्यांच्या गळ्यात त्या बसायच्या नाहीत. टिळकांच्या आधी नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं होतं. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, भजन, पद, ओवी अशी आपली सगळी भांडी त्यांनी काढली आणि त्यात नवी भक्ती वाढली. त्यांनी शेकडो भक्तिगीतं लिहिली. आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये, खेड्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात, टाळ-पेटीवर ती म्हटली जातात. तुकोबांचं ऋण ते उघडपणे मानायचे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं प्रसिद्ध आहे.

ख्रिस्ती झालं म्हणजे साहेब झालं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. नाव तेच ठेवलं, वेश मराठी ठेवला, देशावर कविता लिहिल्या. इथल्या ख्रिस्ती लोकांनी परदेशच्या पैशावर आणि परदेशी पाद्र्यांच्या हुकुमावर किती दिवस चालायचं, असं ते मिशनच्या लोकांनाही तोंडावर विचारायचे. 'ज्ञानोदय' हे मिशनचं १८४२ पासून चालत आलेलं पत्र. त्याच्या मराठी भागाचं संपादन टिळकांकडे होतं. तिथंही त्यांची लेखणी अशीच चालायची.

कवींनाही त्यांचं घर म्हणजे माहेर होतं. १९०७ साली जळगावला कवींचं संमेलन भरलं. तिथं सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरे नावाच्या मुलानं कविता म्हटली, आणि लोक त्याला बालकवी म्हणू लागले. या मुलाला पुढं टिळकांनी आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला लेकासारखं सांभाळलं.

साताऱ्यातला देवाचा दरबार

१९१७ साली टिळकांनी आणखी एकदा सगळं सोडलं. मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला. संन्यासी होऊन ते साताऱ्याला आले, आणि तिथं 'देवाचा दरबार' नावाचं काम सुरू केलं. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांचा हा एक भाऊबंदा असावा अशी त्यांची कल्पना होती. त्यात बाप्तिस्मा घेतलेला चालेल आणि न घेतलेलाही चालेल. गोऱ्याच्या हाताखाली काळा, असला प्रकार तिथं नको होता. आपल्याकडच्या साधूच्या मठीत जसा कुणीही येऊन बसतो, तसं त्यांना हवं होतं.

मिशनच्या लोकांना हे जरा धाडसाचंच वाटलं. जुन्या नातेवाइकांच्या मनात तर ते केव्हाच परके झालेले होते. म्हणजे दोन्हीकडून ते थोडे बाहेरचेच राहिले. आणि पगार गेला की घर कसं चालतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. संन्यास नवऱ्यानं घेतला तरी चूल बायकोला पेटवावीच लागते. लक्ष्मीबाई याही वेळी बरोबर होत्या, पण आता मागं राहिलेली बायको म्हणून नाही. वीसेक वर्षांत त्या पुष्कळ पुढं आलेल्या होत्या.

साताऱ्याचं काम दोनच वर्षं चाललं. टिळक आजारी पडले, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबाराची इमारत राहिली नाही. राहिला तो विचार, की श्रद्धा कोणतीही असो, ती आपल्या मातीच्या भाषेत बोलली पाहिजे आणि आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे.

बाईच्या हातून पुढं गेलेलं काम

टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं काव्य लिहायला घेतलं होतं. ते येशूचं चरित्र, ओव्यांमध्ये. पोथीसारखं वाचता यावं असं. त्यांच्या हातून सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि काम थांबलं. उरलेले साठाहून जास्त अध्याय लिहून ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षर शिकलेल्या बाईनं! गणित करून बघा. ग्रंथ टिळकांचा म्हणून ओळखला जातो, पण त्यातला बहुतेक भाग लक्ष्मीबाईंचा आहे.

आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'स्मृतिचित्रे'. आपल्या आयुष्याच्या आठवणी. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानगा दत्तू, त्याच्या आग्रहावरून त्यांनी त्या लिहिल्या. १९३४ पासून त्याचे भाग पुस्तकरूपानं येऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकात लक्ष्मीबाई गेल्या. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत हे पुस्तक आज पहिल्या रांगेत धरलं जातं, आणि त्याचं इंग्रजीतही भाषांतर झालेलं आहे.

या पुस्तकाची गंमत त्याच्या भाषेत आहे. ओसरीवर बसून शेजारणीला सांगावं तशी भाषा. मोठमोठे शब्द नाहीत. स्वतःची फजिती सांगताना त्या खळखळून हसतात. नवऱ्याचा राग सांगतात आणि त्याचं प्रेमही सांगतात. सोवळ्यापायी बायकांचे काय हाल होत, ते त्यांनी एवढ्या साधेपणानं सांगितलंय की वाचणाऱ्याला हसूही येतं आणि पोटात कालवतंही. धर्मांतरावर पुरुषांनी लिहिलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. ते घरात आल्यावर भांड्याकुंड्यांचं, पाण्याचं, लेकराचं काय होतं, हे सांगणारं पुस्तक मात्र विरळा.

आज आपल्याला काय माहीत असावं

लक्ष्मीबाईंच्या वेळी बाईच्या बाजूनं उभा राहील असा कायदा नव्हता. आज काही गोष्टी बदलल्या आहेत. त्या थोडक्यात सांगतो.

आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमानं प्रत्येकाला आपल्या मनाप्रमाणे धर्म मानायचा आणि पाळायचा हक्क दिलाय. 'प्रत्येकाला' यात बाई आलीच. नवऱ्याचा तो बायकोचा, असं घटनेत कुठंही लिहिलेलं नाही.

हिंदू पद्धतीनं लग्न झालं असेल आणि नवऱ्यानं धर्म बदलला, तर लग्न आपोआप मोडत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याप्रमाणे या कारणावरून जोडीदाराला घटस्फोट मागता येतो. मागायचा की नाही, ते तिनं ठरवायचं. पहिली बायको असताना नुसता धर्म बदलून नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर ते कायद्याला मान्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली स्पष्ट सांगितलंय. बायको स्वतः हिंदू राहिली असेल, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे ती या कारणानं वेगळी राहूनही पोटगी मागू शकते.

अशी वेळ कुणावर आलीच, तर गावातल्या चार शहाण्यांचं ऐकून कागदावर सही किंवा अंगठा करू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, मग तिची कमाई कितीही असो. हा आपला हक्क आहे.

गटाच्या बैठकीत बोलायला

या महिन्याच्या बैठकीत हप्ते आणि हिशेब झाले की थोडा वेळ या गोष्टीवर बोलावं असं आम्हाला वाटतं. बोलायला सोपं जावं म्हणून काही प्रश्न देतो.

पहिला. टिळकांनी एवढा मोठा निर्णय लक्ष्मीबाईंना न सांगता घेतला. आपल्या घरात जमीन विकणं, कर्ज काढणं, मुलीचं लग्न ठरवणं, असे निर्णय होतात तेव्हा आपल्याला आधी विचारलं जातं का?

दुसरा. लक्ष्मीबाई परत गेल्या त्या स्वतःच्या अटी सांगून. आपल्यातली एखादी सासरी परत जाते, तेव्हा तिच्या अटी कुणी ऐकून घेतं का? का फक्त तिला समजावून पाठवलं जातं?

तिसरा. पाणी आणि चूल यांवरून जात पाळणं आपल्या गावात खरंच संपलंय का? गटाच्या बैठकीत सगळ्याजणी सगळ्यांच्या घरचा चहा घेतात का? हा प्रश्न अवघड आहे. पण लक्ष्मीबाईंनी तो शंभर वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता, तर आपण का विचारू नये?

चौथा. बहीण मागं राहिली तेव्हा भिकूताईंनी तिला घरात घेतलं. आपल्या गटातल्या एखादीवर अशी वेळ आली तर तिची भिकूताई कोण होणार?

'स्मृतिचित्रे' गावच्या वाचनालयात किंवा शाळेत मिळालं तर आणा. जिला वाचता येतं तिनं दर बैठकीला चार-पाच पानं मोठ्यानं वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावीत. ऐकता ऐकता एखादीला आपलीही गोष्ट सांगावीशी वाटेल. तिला सांगू द्या. जिला लिहिता येतं तिनं ती लिहून घ्या. लक्ष्मीबाईंनीही सुरुवात आठवणी सांगण्यापासूनच केली होती.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. तोवर स्वतःला जपा, एकमेकींना धरून राहा. नमस्कार.